जुनं घर विकायच्या आधी नवीन घर घेताय? बेळगाव भागातल्या लोकांसाठी पहिल्यापासून

गल्लीतलं जुनं घर आता पुरत नाही, पोरं मोठी झालीत, गाडी लावायला जागा नाही, आणि अशात भाग्यनगरला नाहीतर हिंडलग्याकडं एखादं मनासारखं घर दिसतंय. मालक सांगतो आठ दिवसात संचकार करा, म्हणजे विसार देऊन करार करा, दुसरी पार्टी तयार आहे. आपलं घर अजून विकायला काढलेलंसुद्धा नाही. आपल्याकडं अशा वेळी बरेच जण घरातले चार-पाच लाख गोळा करून संचकार करून सोडतात आणि मग जुन्या घराला गिऱ्हाईक बघायला लागतात, आणि तेव्हा कळतंय की जुन्या घराच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. मुदत संपते, दिलेले पैसे अडकतात, घरात वाद सुरू होतात.

म्हणून पहिल्यांदाच घर बदलणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहितोय. सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की जुन्या घराचे कागद विकण्यालायक झाल्याशिवाय नवीन घराला पैसे देऊ नका. गिऱ्हाईक उशिरा मिळालं तरी निभावतंय, भाव थोडा कमी आला तरी निभावतंय, पण कागद नसले तर गिऱ्हाईक दारात पैसे घेऊन उभं असलं तरी तुम्ही विकू शकत नाही, आणि कागद व्हायला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसतंय.

पहिलं काम, जुन्या घराचे कागद

घर शहरात असेल तर महानगरपालिकेचा ई-खाता (मिळकत कुणाच्या नावावर आहे त्याचा ऑनलाइन उतारा), सिटी सर्व्हे ऑफिसचा सीटीएस नंबरचा उतारा, ईसी (बोजा दाखला), आणि घर तुमच्या नावावर कसं आलं ते दाखवणारं खरेदीपत्र, वाटणीपत्र किंवा वारसा नोंद, एवढं तरी हातात पाहिजे. घरपट्टी चालू वर्षापर्यंत भरलेली पाहिजे. बांधकामाचा मंजूर नकाशा असेल तर उत्तम, गल्लीतल्या जुन्या घरांचा बहुतेक वेळा नसतोच, आणि वर नंतर चढवलेला मजला तर कुठल्याच कागदावर नसतोय. हे का महत्त्वाचं, तर तुमचं गिऱ्हाईक बहुतेक लोन काढूनच घेणार, आणि त्याच्या बँकेचा वकील आणि व्हॅल्युएशनवाला हेच बघणार. नकाशा नसेल तर गिऱ्हाईक मिळत नाही असं नाही, पण लोन न लागणारं गिऱ्हाईक शोधावं लागतंय, तशी माणसं कमी असतात आणि ती भाव पाडून मागतात, ते आत्ताच धरून चाला.

ई-खात्याचं विशेष सांगतो. २०२४ च्या शेवटापासून कर्नाटकात ई-खाता असल्याशिवाय शहरातल्या मालमत्तेची रजिस्ट्री होत नाही. जुना हातानं लिहिलेला खाता उतारा कपाटात आहे म्हणून निवांत बसलेले कितीतरी लोक आहेत, त्यांनी उद्याच अर्ज करावा. त्यातही ए खाता (सगळं नियमात असलेल्या मिळकतीचा) की बी खाता (मंजुरीत त्रुटी असलेल्या मिळकतीचा) ते बघा, बी खात्याच्या घरावर मोठ्या बँका सहसा लोन देत नाहीत. घर कंग्राळी, येळ्ळूर, हिंडलगा असल्या ग्रामपंचायत हद्दीत असेल तर तिथं ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा लागतो, फॉर्म ९ आणि ११ अ असेल तर बरं, ११ ब असेल तर तीच बी खात्यासारखी अडचण येते.

ईसी म्हणजे त्या मिळकतीवर आजवर कायकाय व्यवहार आणि बोजे नोंदले गेले त्याची यादी. २००४ नंतरची नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाइन निघते, त्याच्या आधीची सब रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज करून काढावी लागते. फॉर्म १५ आला तर व्यवहार आहेत, फॉर्म १६ आला तर त्या काळात काही नोंद नाही. बँका सहसा तीस वर्षांची मागतात म्हणून दोन्हीकडून काढून ठेवा. वडिलांनी कधीतरी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, फेडलेलं पण असतं, फक्त बोजा कमी करायचा कागद कुणी नोंदवलेला नसतो, असलं इथंच सापडतंय.

आता आपल्या भागाची म्हणून एक वेगळी अडचण. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं घरातली जुनी खरेदीपत्रं, वाटणीपत्रं मराठीत सापडतात, काही तर मोडीत, आणि आजचे सगळे उतारे कन्नडमध्ये. नाव मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून कन्नडमध्ये असं फिरत गेलेलं असतंय. आधारवर एक, खात्यावर दुसरं, खरेदीपत्रात वडिलांचं नाव गाळलेलं आणि आडनाव गावावरून लावलेलं. कन्नड वाचता येत नसेल तर लाजू नका, शेजारच्या कन्नड वाचणाऱ्या पोराला बसवून प्रत्येक उताऱ्यातलं नाव, सीटीएस नंबर, चौरस फूट आणि चारी बाजूच्या हद्दी मोठ्यानं वाचून घ्या आणि एका कागदावर मराठीत उतरवून ठेवा. फरक सापडला तर दुरुस्तीचा अर्ज आत्ता, गिऱ्हाईक यायच्या आधी. मोडीतला कागद असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या, बँकेचा वकील ते मागणारच.

बहिणी, भाऊ आणि सह्या

हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढलाय कारण आपल्याकडची घरं सगळ्यात जास्त इथं अडकतात.

घर वडिलोपार्जित असेल किंवा वडिलांच्या नावावर असून वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आईची, भावांची आणि बहिणींची. बहीण लग्न होऊन कोल्हापूरला गेली म्हणून तिचा हक्क गेला असं नाही. कर्नाटकानं १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केलेली, देशभर ती २००५ ला आली, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क राहतो. त्यामुळं आज कुठलाही शहाणा गिऱ्हाईक बहिणीच्या सहीशिवाय घर घेणार नाही आणि घेऊही नये.

बहीण हक्क सोडून देईल हे गृहीत धरून हिशोब करू नका. तिला आधी जाऊन भेटा, फोनवर नको, सगळं सांगा, तिचा वाटा तिला पाहिजे असेल तर तो तिचा आहे, तेवढी रक्कम विक्रीच्या पैशातून वजा धरा आणि मगच नवीन घराचं बजेट ठरवा. ती आनंदानं सोडत असेल तर हक्कसोडपत्र सब रजिस्ट्रारकडं नोंदवून घ्या, नुसत्या बाँडपेपरवर सही घेऊन काही उपयोग नाही.

बहीण किंवा भाऊ पुण्याला, गोव्याला असेल आणि रजिस्ट्रीच्या दिवशी येणं जमणार नसेल तर मुखत्यारपत्र करावं लागतंय. ते ती व्यक्ती जिथं राहते तिथल्या सब रजिस्ट्रारसमोर केलेलं पाहिजे, नोटरीचं चालत नाही, आणि महाराष्ट्रात करून इकडं आणलं की इथला जादा स्टँप पडतोय का ते वकिलाला विचारून घ्या. सोपा मार्ग म्हणजे तारीख अशी धरायची की सगळे तसेही गावात असतात. गणपतीत सगळी भावंडं घरी येतात, त्या पाच-सात दिवसात ऑफिस चालू असलेला दिवस बघून हक्कसोडपत्र उरकून घ्या.

खाली दुकानात जुना भाडेकरू असेल तर त्याचंही आधीच मिटवा. भाडेकरूसकट घर घेणारा फार कमी भाव देतो.

कॅम्पातल्या जागा वेगळ्या. कॅन्टोन्मेंट हद्दीत बऱ्याच जागांची जमीन संरक्षण खात्याची आणि वरचं बांधकाम तेवढं आपलं असं असतंय, तिथं जीएलआर (कॅन्टोन्मेंटच्या जमिनींची नोंदवही) उतारा बघितल्याशिवाय विकायची तारीख कुणालाही कबूल करू नका.

दुसरं, पैशाचा हिशोब कागदावर मांडा

एक उदाहरण घेऊ. समजा जुनं घर साठ लाखाला जाईल असं वाटतंय आणि नवीन घर ऐंशी लाखाला आहे. वाटतंय की वीसच लाख लागतील. तसं नाही.

ऐंशी लाखाच्या घराला कर्नाटकात स्टँप ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज धरून शहरात ५.६ टक्के होतात, आणि नोंदणी फी २ टक्के. ही फी आधी १ टक्का होती, ऑगस्ट २०२५ च्या शेवटी दुप्पट केली, जुना आकडा सांगणारे अजून भेटतात. एकूण ७.६ टक्के म्हणजे सहा लाख आठ हजार. वर वकील, बाँड रायटर, बँकेची फी, दलाली, शिफ्टिंग, थोडं रंगकाम. आठ लाख तरी वेगळे धरा. आणि हे आठ लाख बँक देत नाही. आरबीआयच्या नियमानं ३० लाखापर्यंतच्या होमलोनला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखाच्या लोनला ८० टक्के, त्याच्या वर ७५ टक्के एवढंच लोन मिळतंय, आणि त्या किमतीत स्टँप ड्युटी, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे ऐंशी लाखावर जास्तीत जास्त चौसष्ट लाख लोन, आणि तुमच्या खिशातले सोळा अधिक आठ, चोवीस लाख, तेही जुनं घर विकायच्या आधी. ते कुठून येणार हे ठरलेलं नसेल तर पुढं जाऊच नका, आधी विका आणि मग घ्या. असं केल्यानं कमीपणा येत नाही.

जुन्या घराची किंमत धरताना गल्लीतल्या कुणाच्या घराला किती आले ही ऐकीव गोष्ट धरू नका. दोन एजंटांना विचारा, बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युएशनवाल्याकडून फी देऊन रिपोर्ट काढा, आणि त्यातली सगळ्यात कमी किंमत घेऊन हिशोब मांडा. त्या किमतीलाही नवीन घर झेपत असेल तरच ते तुमचं बजेट.

तिसरं, मधल्या काळाचे पैसे

नवीन घराला पैसे द्यायची वेळ आणि जुन्या घराचे पैसे यायची वेळ यात जे अंतर पडतंय ते कसं भरायचं, याचे मार्ग असे.

साधं होमलोन काढायचं, नवीन घर घ्यायचं, आणि जुनं विकलं की मोठी रक्कम लोनमध्ये भरून सोडायची. मला हाच मार्ग बहुतेकांसाठी बरा वाटतो. फ्लोटिंग व्याजाच्या वैयक्तिक होमलोनला मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, हा नियम आहे, पण सही करताना लोन फ्लोटिंगच आहे ना ते वाचून घ्या. अडचण एवढीच की तुमचा पगार किंवा धंद्याचे रिटर्न तेवढे पाहिजेत. चौसष्ट लाखाला साडेआठ टक्क्यानं वीस वर्षांचा हप्ता पंचावन्न हजाराच्या वर जातो, आणि जुन्या घरावर लोन चालू असेल तर बँक तो हप्ताही मोजते.

ब्रिज लोन म्हणून एक प्रकार काही बँका देतात, नवीन घर घ्यायला आणि जुनं विकायला जो मधला काळ लागतो त्याच्यासाठीच, साधारण दोन वर्षांपर्यंत. व्याज होमलोनपेक्षा जास्त असतंय आणि जुनं घर तारण जातं, त्यामुळं जुन्या घराचे कागद स्वच्छ नसतील तर हे लोनही मिळत नाही. बघा, शेवटी परत कागदांवरच आलो.

घरातलं सोनं, एफडीवरचं कर्ज, सोसायटीचं कर्ज हे थोड्या रकमेला, थोड्या दिवसांसाठी ठीक. सोसायटी आणि सौहार्द सहकारी संस्थांमधून पैसे पटकन मिळतात, ओळखीवर मिळतात, पण व्याज बघा आणि कुणाला जामीन घालताय तेही बघा, कारण तुमचं घर विकायला उशीर झाला तर तगादा त्या जामीनदाराच्या दारात जातोय.

जुनं घर लीजवर देऊन एकरकमी पैसे घ्यायचे, भाडं घ्यायचं नाही, असं कर्नाटकात चालतंय आणि एजंट ते सुचवतील. विकायच्या घराला मी हे करू नका असंच सांगेन. लीजवाला बसला की त्याचे पैसे परत केल्याशिवाय तो उठणार नाही आणि तो बसलेलं घर बघायला गिऱ्हाईक येणार नाही.

चौथं, नवीन घराचा करार

आपल्याकडं संचकारपत्र एक-दोन पानांचं असतं, अमुक रक्कम दिली, अमुक महिन्यात खरेदी, नाही केली तर पैसे बुडाले. हे तसंच सही करू नका. जुनं घर विकायचं राहिलंय हे मालकाला स्पष्ट सांगा, लपवू नका, आणि त्याप्रमाणं करार लिहून घ्या.

मुदत तीन महिन्यांऐवजी सहा महिने मागा. मालक लांब मुदत द्यायला तयार नसेल तर विसार थोडा जास्त देऊन किंवा मधे एक हप्ता ठरवून मुदत वाढवता येतेय. मुदतीत खरेदी नाही झाली तर पूर्ण पैसे बुडण्याऐवजी ठरावीक रक्कमच जाईल आणि बाकी अमुक दिवसात परत मिळेल हे लिहून घ्या. तुमचं लोन मालकाच्या कागदातल्या दोषामुळं नामंजूर झालं तर पूर्ण पैसे परत, हे वेगळं कलम पाहिजेच. तुमचं घर विकलं नाही तर करार रद्द, अशी अट मालक क्वचितच मान्य करतो, पण विचारून बघायला काय हरकत आहे, ज्याला घाई नाही असा मालक करतोही.

करार सब रजिस्ट्रारकडं नोंदवून घेतला तर तो ईसीत दिसतो, म्हणजे मालक तुमच्या मागं दुसऱ्याशी बोलणी करायला लागला तर त्या दुसऱ्याला कळतंय. रक्कम मोठी असेल तर नोंदवाच.

पैसे चेकनं किंवा आरटीजीएसनं द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणं २०१५ पासून बंद आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. हे नवीन घर घेताना लक्षात ठेवा आणि जुनं विकताना दुप्पट लक्षात ठेवा, कारण तिथं घेणारे तुम्ही असता.

नवीन घराचे कागद बघणं हा मोठा विषय आहे, इथं थोडक्यात. जे कागद तुमच्या जुन्या घराचे काढले तेच सगळे नवीन घराचे मागा आणि आपल्या वकिलाला दाखवा, विकणाऱ्यानं सांगितलेल्या वकिलाला नको. प्लॉट असेल तर एनए (बिगरशेती) झालाय का, लेआउटला बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आहे का बघा, शेतजमिनीत गुंठ्यानं पाडलेला प्लॉट स्वस्त दिसतो पण पुढं विकताना तुम्ही आज ज्या फेऱ्यात आहात त्याच्यापेक्षा वाईट फेऱ्यात पडाल. मुखत्यारपत्रावर घर खरेदी असा प्रकार कुणी सुचवला तर उठून या, त्यानं मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ लाच सांगितलंय. शहराच्या बाहेर बघत असाल तर रिंग रोड, बायपास यांच्या भूसंपादनात तो सर्व्हे नंबर आहे का विचारा. शहापूर, वडगाव, येळ्ळूर रस्त्याकडची सखल जागा एकदा जुलैत भर पावसात जाऊन बघा, बळ्ळारी नाल्याचं पाणी कुठवर येतंय ते डोळ्यानं बघितलेलं बरं. बिल्डरकडून फ्लॅट घेत असाल तर रेरा (बिल्डरांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नंबर बघा, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्याहून जास्त तो मागू शकत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी पडतोय, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्याला पडत नाही, हाही हिशोबात धरा.

पाचवं, जुनं घर विकायला काढणं

करार झाल्यावर थांबू नका, त्याच आठवड्यात जुनं घर बाजारात आणा. खरं तर कागद तयार झाले की करारच्या आधीच चार लोकांच्या कानावर घाला. पितृपक्षात कुणी घर बघत नाही, आषाढ-श्रावणात आपल्याकडं पाऊस असा की गळकं छत आणि ओल आलेली भिंत गिऱ्हाईकाला आधी दिसते. दसरा-दिवाळी आणि पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत हे दोन हंगाम चांगले. म्हणजे नवीन घराची सहा महिन्यांची मुदत जूनमध्ये सुरू होत असेल तर त्यातले पहिले तीन-चार महिने विक्रीला जवळजवळ गेलेलेच समजा आणि मुदत तशी मागा. मे अखेरीला शाळा उघडतात, त्यामुळं पोरं असलेली कुटुंबं त्याच्या आधी हलायला बघतात, ज्यांना पोरांना मराठी शाळेत घालायचंय ते शाळेजवळची गल्ली मुद्दाम शोधतात, तुमच्या घराजवळ शाळा असेल तर जाहिरातीत ते लिहा.

एजंटला दिलं तर दलाली किती टक्के, कधी द्यायची, आणि गिऱ्हाईक तुम्हीच आणलं तर काय, हे आधी बोलून घ्या.

भावाबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. नवीन घराचं व्याज चालू झालं की अडून बसणं परवडत नाही. वरच्या उदाहरणात चौसष्ट लाखाचं महिन्याचं व्याजच पंचेचाळीस हजार होतंय. अठ्ठावन्न लाख देणारा गिऱ्हाईक समोर आहे आणि तुम्ही साठ येतील म्हणून पाच महिने थांबलात तर दोन लाख पंचवीस हजार व्याजात गेले, साठ मिळाले तरी तोटाच. म्हणून आधीच घरात बसून ठरवा, पहिले तीन महिने साठ सांगायचं, त्याच्यानंतर अठ्ठावन्न, अमुक तारखेनंतर छप्पन आलं तरी द्यायचं. हे लिहून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना मान्य करून घ्या, नाहीतर ऐनवेळी कुणीतरी मामा येऊन सांगतो एवढ्या कमीला का देताय आणि व्यवहार मोडतोय.

जुन्या घरावर लोन बाकी असेल तर गिऱ्हाईकाला पहिल्या भेटीतच सांगा. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या, गिऱ्हाईकाच्या बँकेनं ती रक्कम थेट तुमच्या बँकेत भरायची आणि बाकी तुम्हाला, असं ठरतंय. लोन पूर्ण फिटल्यावर बँकेनं मूळ कागद तीस दिवसात परत दिले पाहिजेत, उशीर तिच्यामुळं झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई द्यावी लागते, डिसेंबर २०२३ पासून हा आरबीआयचा नियम आहे, गरज पडली तर लेखी अर्जात त्याचा उल्लेख करा.

अजून एक तोडगा आहे जो लोक विसरतात. जुनं घर विकायचं, रजिस्ट्री करून द्यायची, पैसे घ्यायचे, पण गिऱ्हाईकाशी ठरवून तीन-चार महिने भाड्यानं तिथंच राहायचं. वेगळा भाडेकरार करायचा, खाली करायची तारीख आणि उशीर केला तर काय ते स्पष्ट लिहायचं. गुंतवणूक म्हणून घेणारं गिऱ्हाईक असेल तर तो खुशीत तयार होतो, आणि तुम्ही हातात पैसे घेऊन नवीन घर शोधता. ज्यांच्याकडं ते वरचे चोवीस लाख नाहीत त्यांनी आधी हेच जमतंय का बघावं.

सहावं, टॅक्स, तारखेला जपा

घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमचं असेल तर विक्रीचा नफा लाँग टर्म. टॅक्स साडेबारा टक्के, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईप्रमाणं वाढवून धरणं) लावून वीस टक्के, जे कमी पडेल ते. २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, त्याचा व्हॅल्युएशन रिपोर्ट करून घ्या, वडिलोपार्जित घरांना याचा खूप फायदा होतोय.

नफा नवीन घरात घातला तर सूट आहे, हे सगळ्यांना माहीत असतंय. पण आधी घेणाऱ्यांनी तारीख नीट समजून घ्यावी. जुनं घर विकल्यानंतर दोन वर्षात नवीन घेतलं तरी सूट, बांधलं तर तीन वर्षात, पण विकायच्या आधी घेतलं असेल तर फक्त एक वर्ष आधीपर्यंत. म्हणजे नवीन घराची खरेदी झाली की बारा महिन्यांच्या आत जुनं विकून रजिस्ट्री झाली पाहिजे, नाहीतर सूट गेली. जुन्या आयकर कायद्यात हे कलम ५४ होतं, १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झालाय आणि कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा सीएला नंबर न सांगता व्यवहार सांगा.

दुसरं, जुनं घर ज्याच्या नावावर त्याच्याच नावावर नवीन घर घ्या. आपल्याकडं सर्रास वडिलांच्या नावावरचं घर विकून पोराच्या नावावर नवीन घेतात, लोनही पोराच्या पगारावर, आणि मग वडिलांना सूट मिळत नाही. लोनसाठी पोराचं नाव लागणार असेल तर दोघांची नावं कशी घालायची ते करारच्या आधी सीएशी बोला, खरेदीपत्र झाल्यावर नाही. नवीन घर तीन वर्षं विकायचं नाही, विकलं तर घेतलेली सूट परत निघते.

आणि जुनं विकताना गायडन्स व्हॅल्यूपेक्षा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरापेक्षा, फार कमी किंमत दाखवू नका. दहा टक्क्याहून जास्त फरक असेल तर टॅक्स गायडन्स व्हॅल्यूवरच धरतात. घर पन्नास लाख किंवा त्यावरचं असेल तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापायचा असतो, नवीन घर घेताना तो तुम्हाला कापावा लागतो आणि जुनं विकताना तुमचा कापला जातो, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते बघत राहा.

रजिस्ट्रीचा दिवस आणि नंतर

कावेरीवर मसुदा आधी चढवावा लागतो, तपासून आला की पैसे भरून वेळ घ्यायची. खरेदीपत्र कन्नडमध्ये असेल तर सही करायच्या आधी एक दिवस ते घरी आणून वाचून घ्या, नावं, नंबर, हद्दी, रक्कम. ऑफिसात गर्दीत उभं राहून वाचलं जात नाही.

दोन्ही रजिस्ट्री एकाच दिवशी करायचा प्रयत्न काही लोक करतात, जुन्याचे पैसे सकाळी आले की दुपारी नवीन. बँकेचा चेक, सर्व्हर, एखादा नातेवाईक उशिरा येणं, एक गोष्ट हुकली की दुसरी अडकते. मधे पाच-सात दिवस ठेवा.

रजिस्ट्री झाली की ई-खात्यावर नाव चढलं का ते तपासा, हेस्कॉमचं वीज मीटर, नळ, गॅसचा पत्ता बदलून घ्या. जुन्या घराचं वीज बिल आणि पाणीपट्टी विकलेल्या तारखेपर्यंत भरून पावतीची कॉपी गिऱ्हाईकाला द्या आणि एक स्वतःकडं ठेवा. जुन्या घराचे पैसे आले की लोनमध्ये भरायची रक्कम त्याच आठवड्यात भरा आणि भरताना बँकेला लेखी सांगा की हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करायची आहे की मुदत तीच ठेवून हप्ता. न सांगता भरलं तर बँक तिच्या पद्धतीनं करते, नंतर बदलायला परत अर्ज करत बसावं लागतंय. जुन्या घराची खरेदी, विक्री, हक्कसोडपत्र, टीडीएसची पावती, लोन फिटल्याचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलला लावून ठेवा, रिटर्न भरताना सीए हेच मागणार आहे.